फलाट जमिनीवरून नाही, रुळावरून मोजायचा

रेल्वेच्या वारसा-जतनात काम करायचंय म्हणून जी मुलं विचारायला येतात, त्यांतल्या बहुतेकांना इंजिन हवं असतं. वाफेचं, काळं, शिट्टी मारणारं. मी फलाटाचं नाव काढलं की चेहरे पडतात. त्यात काय, मातीचा भराव आणि वर फरशी! सिव्हिलच्या पोरांनीही असं म्हणावं याची मला गंमत वाटते. इंजिनाच्या शेडमध्ये नवख्याच्या हाती बराच काळ चिंध्या आणि ग्रीसच लागतं. फलाटाच्या कामावर मात्र तुमचं शिक्षण पहिल्या दिवसापासून कामाला येतं.

मी पुण्यातून सिव्हिल केलं, काही काळ साइटवर काढला आणि मग जुन्या इमारतींच्या संवर्धनाचं शिकायला इंग्लंडला गेले. तिथे शनिवार-रविवारी एका छोट्या हेरिटेज लाइनवर जायची. या लाइन्सची गोष्ट थोडक्यात सांगते. १९६३ च्या बीचिंग अहवालात, म्हणजे ब्रिटिश रेल्वेचे तेव्हाचे प्रमुख रिचर्ड बीचिंग यांच्या अहवालात, ब्रिटनमधली दोन हजारांहून अधिक स्थानकं बंद करण्याची शिफारस होती. त्याच्या आगेमागे असंख्य शाखामार्ग बंद पडले, रूळ उखडले गेले, स्थानकं पाडली. काही मार्ग हौशी लोकांनी चालवायला घेतले, त्याच या हेरिटेज लाइन्स. वेल्समधली टॅलिलिन रेल्वे १९५१ पासून स्वयंसेवक चालवताहेत, म्हणजे बीचिंगच्याही आधीपासून. इंग्लंडमधलं ब्रॉडवे हे स्थानक १९६३ मध्ये जमीनदोस्त झालं होतं. ते स्वयंसेवकांनी पुन्हा बांधलं आणि २०१८ मध्ये तिथे परत गाडी आली. आमचं स्थानक त्यामानाने चिल्लर होतं. एकच फलाट, तोही पाडलेला, वर झुडपं.

पाडलेला फलाट शोधायचा कसा? तिथे ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-संस्थेचे १:२५०० चे जुने नकाशे मिळतात आणि त्यांत फलाट काढलेले असतात. नवखा माणूस लगेच त्यावर पट्टी ठेवून मापं घ्यायला लागतो. पण या प्रमाणात कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर अडीच मीटर. फलाट कुठल्या बाजूला होता आणि अंदाजे किती लांब होता, एवढंच नकाशा सांगेल. कड नेमकी कुठे होती हे विचारायचं तर चर खणून पायाच शोधावा लागतो. पाडणारे लोक जमिनीच्या वरचं पाडतात. पाया काढायचा खर्च कोण करतो!

उंचीसाठी जुने फोटो कामाला येतात. तिथे आमच्याबरोबर काम करणाऱ्या एका निवृत्त गवंडीबुवांनी जे शिकवलं ते मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नव्हतं. जुन्या ब्रिटिश विटेचे चार थर मसाल्यासकट साधारण एक फूट भरतात. फोटोत फलाटाच्या भिंतीचे थर मोजायचे आणि वरच्या कोपिंगच्या, म्हणजे भिंतीच्या माथ्यावर बसवलेल्या सपाट, दगडाची जाडी मिळवायची. तीन फुटी फलाट असेल तर कोपिंग धरून हिशेब बारा थरांच्या आसपास यायला हवा. मात्र मोजायला सुरुवात खडीपासून करायची नाही, रुळाच्या माथ्यापासून करायची. खडी आज इतकी, उद्या तितकी. (आपली जुनी नऊ इंची वीट आणि ही वीट जवळपास एकाच मापाची. त्यामुळे पुण्यातल्या गवंड्यांना हा हिशेब समजावायला मला एक मिनिटही लागत नाही. इंजिनिअरांना लागतो.)

आता मुद्द्याचं. फलाट म्हणजे ओटा नव्हे. फलाट म्हणजे एक कड, जी रुळापासून ठरलेल्या अंतरावर आणि ठरलेल्या उंचीवर असते. बाकी सगळं, म्हणजे भराव, फरशी, बाकडी, दिवे, त्या कडेच्या मागे येतं. ब्रिटनमध्ये प्रमाण उंची रुळाच्या माथ्यापासून ९१५ मिमी आणि जवळच्या रुळाच्या आतल्या कडेपासून अंतर ७३० मिमी. आपल्याकडे ब्रॉडगेजला उंच फलाट ७६० ते ८४० मिमी आणि अंतर रुळांच्या मध्यापासून १६७० ते १६८० मिमी. नीट बघा, आडव्या मापात सगळी मुभा दहा मिलिमीटरची! घराच्या भिंतीत एवढा फरक प्लास्टरखाली सहज जिरतो. इथे कड पुढे आली तर डबा घासेल, मागे गेली तर माणसाचा पाय फटीत जाईल.

आणि हे रूळ जागचे हलतात. डोळ्यांना दिसत नाही, पण खडी टाकून, ठोकून रूळ उचलले जातात, दर खेपेला थोडे थोडे. जुन्या स्थानकांवर फलाट ‘खचल्यासारखा’ वाटतो, तेव्हा बहुतेक वेळा फलाट तिथेच असतो, रूळ वर गेलेला असतो. म्हणून पुनर्बांधणीत पहिली वीट लावण्याआधी ट्रॅकवाल्यांकडून दोन गोष्टी लेखी घ्यायच्या: रुळांचा अंतिम मध्य आणि अंतिम पातळी. तोंडी नको. आमच्या लाइनवर जुना पाया आणि नव्याने टाकलेला रूळ यांचा मेळ बसत नव्हता. मग पाया राखायचा की रूळ सरकवायचा, यावर चहाच्या किटल्याच्या किटल्या रिकाम्या झाल्या. माझं मत विचाराल तर अशा वेळी रुळाचं ऐकावं. जुन्या पायाची नोंद घ्यावी, फोटो काढावेत आणि नवी भिंत नव्या जागी बांधावी. संवर्धनवाल्या काही मंडळींना हे पटत नाही. पण ज्या फलाटाला गाडी लागत नाही, तो जतन केला असं मला म्हणवत नाही.

वळणावर फलाट असेल तर आणखी गुंता. एखादी सरळ पट्टी ताटाच्या गोल कडेवर ठेवून बघा. पट्टीचा मध्य ताटात शिरतो आणि टोकं बाहेर डोकावतात. लांब डब्याचं अगदी हेच होतं. म्हणून वळणाच्या आतल्या अंगाला फलाट असो की बाहेरच्या, दोन्हीकडे कड जरा मागे घ्यावी लागते. किती, ते वळणाची त्रिज्या आणि डब्याची लांबी यांवर ठरतं. त्याचं गणित अवघड नाही. पण ते तुम्ही स्वतः एकदा हाताने सोडवलेलं असावं, सॉफ्टवेअरने नव्हे.

हेरिटेज लाइनवर नवख्याला पहिलं काम मिळतं विटा साफ करायचं. पाडलेल्या जुन्या इमारतींच्या विटा आणून त्यांना चिकटलेला मसाला हातोडी-छिन्नीने काढायचा. कंटाळवाणं आहे, पण पळ काढू नका, कारण चुना आणि सिमेंट यांतला फरक इथे हाताला कळतो. चुन्यातली वीट दोन टिचक्यांत मोकळी होते आणि तिच्या अंगावर पांढरी भुकटी तेवढी राहते. सिमेंटातली वीट फुटते पण सुटत नाही. चुन्यात बांधलेलं पुन्हा सोडवता येतं, भिंत थोडी हलली तर तो सोसतो आणि आत गेलेलं पाणी त्यातून बाहेर पडतं. तिथे त्याचा शत्रू थंडी. पारा पाच अंशांच्या खाली उतरायला लागला की चुन्याचं काम बंद. आपल्याकडे उलट. एप्रिलच्या उन्हात तो इतक्या भरभर सुकतो की नीट मुरतच नाही. ओलं गोणपाट टाकून, पाणी शिंपडून त्याला दमादमाने घट्ट होऊ द्यावं लागतं. किल्ल्यांवर चुना मळायच्या घाण्याचं दगडी चाक तुम्ही पाहिलं असेलच. ते फिरवणाऱ्यांना घाई नव्हती. पेंटच्या दुकानात मिळणारी सफेदीची पूड आणून भिंत बांधायला बसू नका एवढं सांगते. बांधकामाचा चुना वेगळा मागावा लागतो.

परत आल्यावर विचारणारे वाढले, तेव्हा धायरीला एका ओळखीच्या कंत्राटदाराच्या मोकळ्या जागेत आम्ही सरावाची कड बांधायला घेतली. रूळ कुठून आणणार? भंगारातले दोन लोखंडी चॅनल ब्रॉडगेजच्या १६७६ मिमी अंतरावर पक्के बसवले आणि म्हटलं, हाच ट्रॅक. दोन मीटर लांबीची भिंत, वर कोपिंग, मागे भराव. कामाला असलेले मिस्त्री वाड्यांच्या दुरुस्तीतले मुरलेले. त्यांनी सवयीने जमिनीवरून उंची घेऊन दोरी बांधायला काढली.

“मॅडम, जमीन सपाट केलीय की. इथनंच घेऊ.”

“नको काका. चॅनलच्या माथ्यावरून घ्या.”

त्यांनी लेव्हलची नळी चॅनलवर टेकवली, दोरी वर घेतली, मागे सरून एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाले, “म्हंजे उद्या हा लोखंड हलला तर आपली भिंत चुकीची.”

शेजारी उभ्या असलेल्या शेवटच्या वर्षाच्या दोन मुलांना हे वाक्य वहीत लिहून घ्यायला सांगितलं.

त्या दोन मीटरमध्ये बरंच काही शिकता येतं. कोपिंगचा दगड भिंतीच्या थोडा पुढे येतो, म्हणून माप दगडाच्या कडेचं घ्यायचं, भिंतीचं नाही. भराव एकदम ओतायचा नाही. थर टाकायचा, पाणी मारायचं, ठोकायचं, मग पुढचा. घाई केली तर फरशी पहिल्या पावसाळ्यात बसते. भिंतीत पाणी निघायला भोकं ठेवायची, नाहीतर मागची ओली माती भिंतीला रुळाकडे ढकलत राहते. वरच्या फरशीला उतार रुळापासून उलट्या दिशेला द्यायचा, म्हणजे पाणीही तिकडे जातं आणि सुटलेली ढकलगाडीही.

पुण्यात राहून आणखी काय करता येईल? दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढा, दोन तास चालतं. खडकी किंवा शिवाजीनगरला जा आणि नुसतं बघा. कोपिंगचे दगड कुठले, सांधे कुठे उघडलेत, उंची वाढवताना जुन्या भिंतीवर नवं काँक्रीट कसं बसवलंय. विजेच्या खांबांवर रंगवलेल्या खुणा असतात. रुळाची पातळी आणि रुळापासूनचं अंतर त्यांवरून कळतं. मापं घ्यायला रुळावर मात्र उतरायचं नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी लोणावळा लाइनवर गाड्यांची वर्दळ काय असते ते तुम्हाला माहीत आहे. मोजणी करायचीच असेल तर कॉलेजचं पत्र घेऊन रीतसर परवानगी काढा. वेळ लागतो, पण मिळते.

वाचायचं असेल तर कोरेगाव पार्कात रेल्वेची स्थापत्य अभियांत्रिकी संस्था आहे, इरिसेन. रेल्वेचे इंजिनिअर तिथे प्रशिक्षणाला येतात. तिची रूळ, वळणं, पूल यांवरची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट आहेत. इंग्रजीत आहेत पण भाषा सोपी. कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय लहानपणी पाहिलं असेल, तरी आता फलाटांकडे लक्ष ठेवून परत बघा. आणि बोरघाटाचा इतिहास वाचा. १८६३ पासून खंडाळ्याजवळ गाडी उलटी फिरवणारं रिव्हर्सिंग स्टेशन होतं. १९२९ च्या सुमारास नवे बोगदे झाले आणि ते स्थानक मार्गावरूनच गेलं. हरवलेल्या स्थानकावर अभ्यास-प्रकल्प करायचा असेल तर विषय घराजवळच आहे.

पैशांचं स्पष्ट सांगते. हेरिटेज लाइनवरचं स्वयंसेवकाचं काम बिनपगारी असतं. पगारी जागा मोजक्या, आणि त्या बहुतेकदा तिथे आधीपासून राबणाऱ्यांना मिळतात. माझं पोट आज वाड्यांच्या आणि दगडी इमारतींच्या दुरुस्तीवर भरतं. पण ती कामं मिळाली ती चुना आणि लेव्हल या दोन गोष्टींमुळे, आणि दोन्ही मी फलाटावर शिकले. डिप्लोमावाल्यांनी कमीपणा मानू नये. साइटवर ऑटो लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) लावून न चुकता वाचन घेणारा मुलगा पदव्युत्तर पदवीवाल्यापेक्षा आधी निवडला जातो, हे मी पाहिलंय.

बाहेर जायचं असेल तर शिक्षणाला जोडून जा. नुसत्या स्वयंसेवेसाठी जाणाऱ्यांना व्हिसाच्या अटी आड येतात, त्या निघण्याआधी ताज्या तपासा. लाइनला पत्र लिहिताना ‘लहानपणापासून रेल्वेची आवड’ हे वाक्य गाळा, ते सगळेच लिहितात. काय येतं ते लिहा: लेव्हलिंग येतं, ऑटोकॅड येतं, वीटकाम हाताने केलंय. कुठले शनिवार-रविवार येऊ शकाल ते लिहा, राहायची सोय आहे का विचारा. आणि बुटाचा नंबर कळवा. लोखंडी टोकाचे बूट काही ठिकाणी तेच देतात, पण आपल्या मापाचे, विशेषतः मुलींच्या मापाचे, आयत्या वेळी मिळत नाहीत.