टिपरला महागडा इनटेक? आधी रबरी होस बघा

गोव्यातल्या उसगाव-तिस्क भागात खनिज किंवा चिरे ओढणाऱ्या टिपरला ‘परफॉर्मन्स’ इनटेक (इंजिनात जास्त हवा घेणारी फिल्टर-नळी) बसवायची घाई नको. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असलेल्या डिझेल इंजिनाची ताकद ठरते ती मुख्यतः किती डिझेल जळतं यावर. नुसती हवा वाढवून अनमोड घाट सोपा होत नाही. उलट तेल लावलेला कापडी फिल्टर आपली तांबडी, पिठासारखी धूळ सहसा जास्तच आत सोडतो. मग टर्बोची पाती, पिस्टनच्या रिंगा झिजतात. फिल्टर ते टर्बो हा रबरी होस (नळी) एकदा काढून आत बोट फिरवा. तांबडं लागलं? मग बहुधा कुठेतरी चीर आहे, नाहीतर क्लिप सैल. फिल्टर तुंबल्याचं दाखवणारा इंडिकेटर लाल झाला की कागदी फिल्टर बदला, आणि आतला छोटा फिल्टर हवा मारून परत कधीच घालू नका.