स्टोनवेअरची बेकिंगची भांडी: धुवायची कशी आणि तेल मुरवायचं कोणत्या भांड्यात

ओटीजी घरोघर पोचला, आणि केकच्या अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यांशेजारी जड, मातकट रंगाची स्टोनवेअरची भांडीही फडताळात येऊन बसली. ती घेतलेल्यांच्या तक्रारी साधारण दोनच. भांडं काळं पडलं आणि घासून निघत नाही, ही पहिली. तेल लावून तापवलं तर नुसतं चिकट झालं, ही दुसरी. दोन्ही वेळा चूक एकच झालेली असते. भांड्याची जात न बघता त्याला बिडाच्या तव्याचा नाहीतर काचेच्या बाउलचा नियम लावलेला असतो.

स्टोनवेअर म्हणजे कोरलेला दगड नव्हे. ती मातीच, फक्त साधारण १२०० ते १३०० अंश सेल्सिअसला भाजलेली. एवढ्या आचेला मातीचे कण अंशतः वितळून एकमेकांत गच्च बसतात. लोणच्याची पांढरी-तपकिरी बरणी याच कुळातली. बाजारात मिळणारा मातीचा तवा किंवा हंडी मात्र बरीच कमी तापमानाला भाजलेली असते, म्हणून ती पाणी पिते आणि वापरण्याआधी रात्रभर भिजवावी लागते. तो नियम स्टोनवेअरला लावू नका. त्याला भिजवण्याची गरज नसते, आणि आत राहिलेलं पाणी ओव्हनमध्ये वाफ होऊन भांड्याला चीर पाडू शकतं.

आधी जात ओळखा

भांड्याच्या आतल्या बाजूला पाण्याचा थेंब टाका आणि पाच मिनिटं थांबा. थेंब तसाच राहिला आणि पुसल्यावर डाग उरला नाही, तर वर ग्लेझ आहे, म्हणजे काचेसारखी झिलई. थेंब पसरला किंवा खाली गडद ठिपका उमटला, तर भांडं बिनझिलईचं. नखही सांगतं: झिलईवर ते घसरतं, कोऱ्या मातीवर खरखरतं. काही भांडी आतून झिलईची आणि बाहेरून कोरी असतात. तिथे अन्न लागतं ती बाजू बघून ठरवायचं.

तेल मुरवायचं ते फक्त बिनझिलईच्या भांड्यात. झिलईत तेल शिरायला जागाच नसते. ते वरच सुकतं आणि तपकिरी, चिकट पापुद्रा होतो. पुष्कळ जण त्यालाच सीझनिंग, म्हणजे मुरलेल्या तेलाचा थर, समजून जपत बसतात, तो डाग आहे.

कोणतं तेल?

इथे जरा थांबू, कारण निम्मं काम तेलाच्या निवडीतच होतं. तेलाचा पातळ थर तापला की त्यातली असंतृप्त मेदाम्लं हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून एकमेकांत गुंफली जातात आणि कडक, कोरडा थर तयार होतो. सगळी तेलं सारखी सुकत नाहीत. तेल किती असंतृप्त आहे याचा अंदाज आयोडीन अंकावरून येतो: अंक जितका मोठा, तितकं तेल चांगलं सुकतं. जवसाच्या तेलाचा तो १७० च्या वर जातो, करडईचा १४० च्या आसपास, सूर्यफुलाचा १३० च्या जवळ, शेंगदाण्याचा ९० च्या आगेमागे आणि खोबरेलाचा जेमतेम १०. तैलरंगांत चित्रकार जवसाचं आणि करडईचं तेल वापरतात, ते याच सुकण्याच्या गुणामुळे.

म्हणजे कोकण-गोव्याकडे हाताशी असलेलं खोबरेल या कामाला जवळजवळ निरुपयोगी. ते मऊच राहतं आणि पुढे खवट होतं. साजूक तूप आणि वनस्पती तूप यांचीही गत तीच. जवसाचा थर सगळ्यांत कडक होतो, पण जाड लागला तर त्याचे पोपडे निघतात आणि तापताना उग्र वास सुटतो. माझं मत रिफाइंड करडईला. ते मिळालं नाही तर सूर्यफूल किंवा सोयाबीन. शेंगदाण्याचं तेल चालतं, फक्त एक-दोन हात जास्त द्यावे लागतात.

मुरवण्याची कृती

भांड्यासोबत आलेला कागद आधी वाचा. काही कंपन्या रिकामं भांडं तापवू नका असं स्पष्ट लिहितात. तसं असेल तर ही कृती सोडा आणि त्याखालचा स्निग्ध पदार्थांचा मार्ग धरा.

१. नवं भांडं गरम पाण्याने, साबण न लावता धुवा. पुसून दिवसभर उघड्यावर वाळू द्या. पावसाळ्यात एवढ्याने भागत नाही. तेव्हा भांडं गार ओव्हनमध्ये ठेवून १०० अंशांवर अर्धा तास कोरडं करून घ्या.

२. सुती फडक्यावर तेलाचे थोडेसेच थेंब घेऊन आतून पुसा. नऊ इंची भांड्याला अर्धा छोटा चमचा पुरे. मग दुसरं कोरडं फडकं घेऊन, लावलेलं सगळं तेल काढायचंच आहे अशा बेताने पुन्हा पुसा. या पायरीवर कंजुषी हवीच. चिकटपणाची तक्रार जवळपास नेहमी इथेच जन्माला येते.

३. भांडं गार ओव्हनमध्ये मधल्या जाळीवर पालथं ठेवा, म्हणजे तेल तळाशी साचत नाही. मगच ओव्हन चालू करून २०० अंशांवर तासभर ठेवा. थोडा धूर होईल, खिडक्या उघड्या असू द्या.

४. ओव्हन बंद करा आणि भांडं आतच पूर्ण गार होऊ द्या. दार उघडून घाई करू नका.

असे दोन-तीन हात दिले की रंग एखादी छटा गडद होतो आणि बोट फिरवलं तर कोरडं, किंचित गुळगुळीत लागतं. बोटाला ओशटपणा लागला तर तेल जास्त झालंय. पुन्हा तेल न लावता तसंच आणखी तासभर २०० अंशांवर ठेवा. तरीही चिकटच राहिलं, तर खाली दिलेल्या सोड्याच्या लेपाने उतरवून पहिल्यापासून सुरुवात करा.

रिकामं तापवायचं नसेल तर पहिले काही घाणे स्निग्ध पदार्थांचे काढा: करडईचं किंवा सूर्यफुलाचं तेल घातलेली बिस्किटं, फोकाचिया (तेल घातलेला चपटा इटालियन पाव), तेल चोळलेले बटाटे. नानकटाईही चालते. तुपामुळे टिकाऊ थर बनत नसला तरी ती चिकटत नाही, हा फायदा. या काळात गूळ, टोमॅटो आणि चीज दूर ठेवा. मासे तर बिनझिलईच्या भांड्यात कधीच नकोत. त्यात एकदा बांगडा भाजला, की पुढची नानकटाईही बांगड्याचीच.

बिनझिलईचं भांडं रोज कसं साफ करावं

भांडं हात लावता येईल इतकं गार होऊ द्या. चिकटलेलं अन्न लाकडी उलथन्याने किंवा प्लास्टिकच्या पातळ पट्टीने खरवडा, गरम पाण्याखाली धरून काथ्याने किंवा नायलॉनच्या ब्रशने घासा, पुसा आणि हवेवर वाळवा. बस. द्रव साबण, भांड्यांच्या साबणाची वडी आणि डिशवॉशर तिन्ही टाळा. साबण बारीक छिद्रांत शिरतो आणि पुढच्या पावाला त्याची चव येते. शिवाय त्याने नवा थर सैल होतो. साबणाशिवाय भांडं स्वच्छ कसं होणार, हा प्रश्न घरातली वडीलधारी मंडळी हमखास विचारतात. उत्तर असं, की हे भांडं प्रत्येक वेळी १८० अंशांच्या वर तापतं, तिथे जंतू टिकत नाहीत. फक्त खरकटं मागे राहता कामा नये.

कामवाल्या मावशींना मात्र हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर तुम्ही महिनाभर जमवलेला राप त्या तारेच्या घासणीने एका सकाळी लख्ख करून ठेवतील.

करपलेलं निघतच नसेल तर खाण्याचा सोडा आणि थोडं पाणी यांचा दाट लेप लावा, वीस मिनिटांनी घासून धुवा. सोड्याने थोडा थर उतरतो, म्हणून नंतर तेलाचा एक हात द्या. काळपट-तपकिरी रंग मात्र घालवू नका. ते सुकलेलं तेलच आहे, आणि अन्न न चिकटण्याचं कामही तेच करतं. हाताला काही लागत नसेल आणि वास येत नसेल, तर भांडं स्वच्छ आहे.

चुकून साबण लागलाच तर तासभर गरम पाण्यात ठेवा, पाणी दोन-तीनदा बदला. भिजवण्याचा हा एकच प्रसंग. त्यानंतर दोन दिवस वाळवून मगच ओव्हन.

क्वचित वापरलं जाणारं भांडं बंद कपाटात ठेवलं की खवट वास धरतं, पावसाळ्यात तर नक्की. तेव्हाही सोड्याचा लेप, पूर्ण वाळवणं आणि पुन्हा एक हात. ठेवताना भांड्यात भांडं रचायचं असेल तर मध्ये कागद घाला, झाकण लावू नका.

झिलईचं भांडं

हे सोपं. साबण चालतो, कोमट पाण्यात भिजवणंही चालतं. कडेला जमलेले तेलाचे तपकिरी ओघळ सोड्याचा लेप अर्धा तास ठेवून मऊ घासणीने काढा. स्टीलच्या चमच्याने उमटलेल्या करड्या रेघा ओरखडे वाटतात, पण बहुधा तो झिलईवर घासून बसलेला धातू असतो. ओल्या फडक्यावर सोडा घेऊन चोळल्या तर फिक्या पडतात. तळाची गोल कडा बहुतेक भांड्यांना कोरीच असते आणि पाणी तिथूनच शिरतं, म्हणून धुतल्यावर पालथं घालून ती कडा वाळू द्या, विशेषतः मायक्रोवेव्हमध्ये वापरण्याआधी. झिलईचे टवके उडाले किंवा केसांसारख्या चिरा पडून त्यांत डाग मुरू लागले, तर ते भांडं अन्नाला नको. भडक रंगाच्या, कुणी बनवली ते न कळणाऱ्या भांड्यांच्या झिलईत शिसं असू शकतं. चिंच-टोमॅटोसारख्या आंबट पदार्थात ते उतरतं.

पिझ्झा स्टोनला तेल नको

हा सपाट दगड बिनझिलईचा असूनही त्याला मुरवायचं नसतं. पिठातली ओल शोषून तळ खुसखुशीत करणं हे त्याचं काम, आणि तेलाने छिद्रं बुजली की तेच बिघडतं. वर २५० अंशांना धूर होतो तो वेगळाच. गोव्यातल्या पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भट्टीचा तळ झाडला-पुसला जातो, त्याला तेल कोणी लावत नाही. इथेही तसंच करा: गार झाल्यावर खरवडा, कोरड्या ब्रशने झाडा, फार तर ओल्या फडक्याने पुसा. वितळलेलं चीज पुढच्या तापवणीत जळून कोळसा होतं, तो खरवडून झाडून टाका.

तडा कशाने जातो

माती उष्णता हळू वाहून नेते. एक भाग तापून फुगतो, शेजारचा गारच राहतो, आणि त्या ताणाने भांडं फुटतं. म्हणून गॅसच्या ज्योतीवर ठेवू नका, कितीही जाड दिसलं तरी. फ्रिजमधलं भांडं थेट तापलेल्या ओव्हनमध्ये नको, तापलेलं भांडं ग्रॅनाइटच्या गार ओट्यावर नको, भाजताना त्यात गार पाणी ओतणं नको. ओट्यावर लाकडी पाट किंवा जाड दुमडलेलं फडकं अंथरा.

शंका आली तर भांडं बोटांवर तोलून धरा आणि बोटाच्या पेराने टिचकी मारा. चांगलं भांडं खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. बद्द वाजणारं खोलगट भांडं पुढच्या वेळी ओव्हनमध्ये रसासकट फुटू शकतं, तेव्हा ते बाजूला काढा. पिझ्झा स्टोनचे मात्र दोन तुकडे झाले तरी ते जाळीवर कडेला कडा लावून ठेवले की पूर्वीसारखेच चालतात.