टेनिस स्कॉलरशिपच्या पत्रावर सही करण्याआधी

मुलीला अमेरिकेतल्या कॉलेजकडून टेनिसची स्कॉलरशिप आली असेल तर पेढे जरूर वाटा, पण सही करण्याआधी कागद-पेन घेऊन बसा. मी टेक्ससमध्ये टॅक्स रिटर्न भरून देण्याचं काम करते. पुण्या-कोल्हापूरकडची खेळणारी मुलं माझ्याकडे येतात ती बहुतेक सही झाल्यावर, आणि तेव्हा करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. पुण्याकडची टेनिसपटू ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली आणि पुढे रोहन बोपण्णासोबत एशियन गेम्सचं सुवर्ण घेऊन आली. रस्ता खरा आहे, चांगला आहे. म्हणूनच हिशेब चोख हवा.

पत्रात '60 टक्के' लिहिलं असेल तर पहिला प्रश्न: कशाचे? समजा ट्यूशन फी 40,000 डॉलर आहे आणि राहणं, जेवण, पुस्तकं, विमा धरून वर्षाचा खर्च 60,000. एकूण खर्चाचे 60 टक्के मिळणार असतील तर घरून 24,000 भरायचे. फक्त ट्यूशनचे असतील तर 36,000. चार वर्षांत 48,000 डॉलरचा फरक पडतो, आणि फोनवर कोच दोन्हीला '60 टक्के'च म्हणतो. उन्हाळ्यात आणि नाताळच्या सुट्टीत राहण्या-जेवण्याचं कोण बघणार, हेही विचारून घ्या.

शेजारच्या रकान्यात तास लिहा. एनसीएए म्हणजे अमेरिकन कॉलेज खेळांची नियामक संस्था. तिच्या नियमाने सीझनमध्ये सराव आणि मॅच धरून आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास, दिवसाला 4. पण मॅचचा दिवस कितीही लांबला तरी 3 तासच धरतात आणि प्रवास मोजतच नाहीत. शुक्रवारी दुपारी बसने निघालेली टीम शनिवार-रविवार मॅच खेळून रविवारी रात्री परतली, तर कागदावर तिचे तास होतात 6. म्हणून खरा आकडा कोचला नव्हे, टीममधल्या एखाद्या मुलीला विचारा. मग मिळणारे डॉलर त्या तासांनी भागा. मोबदला रास्त आहे का, ते तिथे दिसायला लागतं.

टॅक्स कोणी सांगत नाही. ट्यूशन आणि सक्तीच्या पुस्तकांसाठी मिळालेली स्कॉलरशिप करमुक्त असते, राहण्या-जेवणाची नसते. एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांच्या त्या रकमेतून साधारण 14 टक्के कापले जातात. 15,000 डॉलर असतील तर 2,100. भारत-अमेरिका करारामुळे आपल्या विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून मिळणारी ठरावीक सरसकट वजावट) मिळतं, त्यामुळे यातले बरेच पैसे परत येऊ शकतात, पण त्यासाठी 1040-एनआर हा टॅक्स रिटर्न भरावा लागतो. स्कॉलरशिप आणि कापलेला टॅक्स दाखवणारा, कॉलेजकडून येणारा 1042-एस फॉर्म जपून ठेवा.

आता मोठ्या पैशाबद्दल. अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या मुलांच्या जिवावर स्टेडियमं भरली, कोचना लाखो डॉलर मिळाले, आणि खेळणाऱ्यांना वर्षानुवर्षं फी आणि जेवणच. तो अन्यायच होता. 2021 मध्ये खेळाडूंच्या शिक्षणविषयक लाभांवरच्या मर्यादांबद्दलच्या अल्स्टन खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 9-0 असा एनसीएएच्या विरोधात निकाल दिला, त्याच जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करता येऊ लागल्या, आणि खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या खटल्यात 2025 मध्ये झालेल्या तडजोडीनंतर कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा कॉलेजमागे सुमारे 2.05 कोटी डॉलर. हे वाचून हुरळून जाऊ नका. यातला मोठा वाटा त्या दोन खेळांकडेच जातो. शिवाय एफ-1 वर इन्स्टाग्रामची एखादी सशुल्क जाहिरातसुद्धा बेकायदा काम ठरू शकते आणि व्हिसा धोक्यात येतो. कोणी कितीही आग्रह केला तरी कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला आणि इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय एक डॉलर घेऊ नका. शेजारच्या खोलीतली अमेरिकन मुलगी तेच करून कमावते आणि आपल्या मुलीला ते बंद, हे मला आजही पटत नाही.

त्याच तडजोडीचा एक फायदा मात्र आहे. पूर्वी डिव्हिजन 1 मध्ये, म्हणजे एनसीएएच्या सर्वांत वरच्या गटात, पुरुषांच्या टेनिस टीमला मिळून साडेचारच स्कॉलरशिप देता यायच्या. तडजोडीत सामील झालेली कॉलेजं आता दहाच्या दहा खेळाडूंना पूर्ण देऊ शकतात. देतीलच असं नाही. यंदा किती देताय, ते विचारा. आयव्ही लीग (हार्वर्ड, येलसारखी आठ विद्यापीठं) आणि डिव्हिजन 3 खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत. आयव्हीत पैसे आर्थिक गरजेवर मिळतात, डिव्हिजन 3 मध्ये गरज किंवा गुणांवर.

माझं मत विचाराल तर टेनिसमध्ये पूर्ण स्कॉलरशिप आणि हातात डिग्री, हा रास्त सौदा आहे. अर्धवट पैशांत पूर्ण तास मागणं हा नाही.

शेवटी हे तीन प्रश्न ईमेलनेच पाठवा: स्कॉलरशिप किती वर्षांची? खांदा किंवा गुडघा गेला तर ती चालू राहील का? एमआरआय आणि ऑपरेशनचं बिल कोणाच्या विम्यावर, आणि कॉलेज सोडल्यावर किती काळ? डिव्हिजन 1 मध्ये ऑगस्ट 2024 पासून खेळातल्या दुखापतीचा खर्च नंतर निदान दोन वर्षं कॉलेजने उचलायचा नियम आहे, तरी लेखी घ्याच. टाळाटाळ करणाऱ्या कोचपेक्षा 10 टक्के कमी देऊन सगळं लिहून देणारा कोच मी निवडेन.