‘नोबल हाउस’ वाचायची तर शेजारी खातेवही हवी

जेम्स क्लॅव्हेलची ‘नोबल हाउस’ हौसेनं हातात घेणारे पुष्कळ. त्यातले बरेचजण दोनशे पानांच्या आसपास ती मिटून ठेवतात. का, म्हणून विचारलं तर सांगतात, नावंच लक्षात राहत नाहीत. त्यांचंही बरोबर आहे. हजारावर पानं. हाँगकाँगमधल्या दोन व्यापारी पेढ्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. त्यात ब्रिटिश, चिनी, अमेरिकन, रशियन. पोलीस, हेर, तस्कर, बँकवाले, शर्यतीचे घोडे बाळगणारे. आणि ज्याच्या त्याच्या पोटात एकेक गुपित. नायकाचं बोट धरून वाचायला जावं, तर तो पानंच्या पानं दिसत नाही. वंशावळ काढली तरी निम्मी माणसं तिच्यात बसत नाहीत.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते: देणं धरून वाचा. कोण कोणाचं काय लागतो, आणि ते कधीपर्यंत फेडायचंय, एवढं हाताशी ठेवलं तर ही कादंबरी आपणहून उलगडत जाते. मी सांगलीत हळदीच्या एका अडत पेढीवर वाढले, पुढे तिथंच हिशेब लिहिले. त्यामुळे असेल, पण मला या पुस्तकाची नाडी तिथंच सापडली, आणि ज्यांना ज्यांना मी ही रीत सांगितली त्यांनी पुस्तक संपवलं.

शंभर पानी साधी वही घ्या. मोठ्या पात्राला एक अख्खं पान, किरकोळ असेल तर अर्धं. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे त्याला कोणाकडून काय येणं आहे, उजवीकडे तो कोणाचं काय लागतो. खाली मुदत. मुदतीची तारीख लाल पेनानं लिहा, कारण सगळा ताण तिच्यात आहे. येणं-देणं म्हणजे फक्त पैसा समजू नका. एखाद्यानं कधीतरी जीव वाचवला, एखाद्याला दुसऱ्याचं गुपित माहीत आहे, एखाद्याचा भरल्या मेजवानीत अपमान झाला, हे सगळं नावावर चढवायचं. ही माणसं असली देणी व्याजासकट वसूल करतात.

पहिलं पान इयन डनरॉसचं. तो स्ट्रुअन्स या सर्वांत जुन्या पेढीचा प्रमुख, म्हणजे ताई-पॅन. पूर्वरंगात, १९६० साली, तो गादीवर बसतो तेव्हाच त्याला पेढीचं खरं पाणी कळतं, आणि तो काय काय कबूल करून सही करतो ते नीट वाचा. पुढचं सगळं त्या सहीशी बांधलेलं आहे. मग गोष्ट थेट ऑगस्ट १९६३ मध्ये येते. तोवर त्यानं जपानमध्ये मोठी जहाजं बांधायला टाकली आहेत, त्यांचे हप्ते चढले आहेत, बँकेचं कर्ज वेगळंच. उजवी बाजू पहिल्या शंभर पानांतच भरून येईल. समोरचं पान क्विलन गॉर्न्टचं, म्हणजे रॉथवेल-गॉर्न्ट या दुसऱ्या पेढीच्या प्रमुखाचं. ब्रॉक घराण्याचं स्ट्रुअन्सशी असलेलं जुनं वैर तो पुढे चालवतो आहे आणि स्ट्रुअन्स बुडवणं हेच त्याचं येणं. तिसरं पान लिंक बार्टलेट या अमेरिकन भांडवलदाराचं. याची डावी बाजू भरगच्च, उजवी जवळजवळ कोरी. ज्याच्या डोक्यावर देणं नाही तो या गावात किती बेफिकीर वागतो आणि बाकीच्यांना त्याची धास्ती का वाटते, हे ती दोन पानं शेजारी शेजारी ठेवली की दिसतं.

चौथं पान फिलिप चेनचं ठेवा, आणि त्याला कमी लेखू नका. तो स्ट्रुअन्सचा कॉम्प्रडोर. गोऱ्या पेढीचा चिनी व्यापाऱ्यांशी चालणारा सगळा व्यवहार त्याच्या हातून होतो, समोरच्याची पत तो पारखतो, त्याच्यासाठी जामीन राहतो आणि आपली टक्केवारी घेतो. मुंबईच्या विलायती पेढ्यांकडेही असे जामीनदार दलाल असत. ज्याच्या हातात दोन्हीकडची पत, त्याला दोन्हीकडचं मर्म ठाऊक. त्याच्या घरात एक अर्धं नाणं आहे, त्याकडे मी पुढे येतेच.

वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर पैशांचे भाव लिहून ठेवा, म्हणजे आकडे नुसते आकडे राहणार नाहीत. तेव्हा १ पौंड म्हणजे १६ हाँगकाँग डॉलर. पौंडाला २.८० अमेरिकन डॉलर, म्हणजे १ अमेरिकन डॉलर साधारण ५.७० हाँगकाँग डॉलर. आपला रुपया तेव्हा डॉलरला ४.७६ होता, म्हणजे हाँगकाँगचा डॉलर सुमारे ८३ पैशांचा. कोणी दहा लाखांची लाच देऊ केली की हे बघायचं, छाती दडपते.

त्याच्याखाली हाँगकाँगचा कच्चा नकाशा काढा. चित्रकला यायला हवी असं नाही. खाली बंदर, पलीकडे काउलून आणि काई ताकचा विमानतळ, मधे स्टार फेरी. बेटाच्या मागच्या बाजूला अ‍ॅबरडीन, तिथं होड्यांवर राहणारी माणसं. हॅपी व्हॅलीचं शर्यतीचं मैदान. आणि सगळ्यांच्या डोक्यावर व्हिक्टोरिया पीक. कोण किती उंचावर राहतो हे नकाशावर नावानिशी टाका. १९०४ च्या कायद्यानं पीकवर चिनी माणसाला घर करून राहायची बंदी होती, ती १९४६ मध्ये उठली. कादंबरीतल्या पन्नाशीच्या माणसांनी ती बंदी डोळ्यांनी पाहिलेली आहे. एखादा चिनी सावकार टेकडीवरच्या घराबद्दल बोलतो तेव्हा तो घराबद्दल बोलत नसतो, हे त्यामुळे समजतं.

गोष्ट जेमतेम दहा दिवसांची आहे, आणि वार व वेळ छापलेली असते. तो वार वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. बाजार कधी उघडतो, कधी बंद होतो, शनिवारी शर्यत आहे, रविवारी कोणालाच पैसे काढता येत नाहीत: सगळे डाव याच वेळापत्रकावर टाकलेले आहेत. शक्यतो एका बैठकीत एक अख्खा वार वाचावा. मधेच सोडलात तर सकाळी कोणी कोणाला काय शब्द दिला होता ते संध्याकाळच्या प्रसंगात आठवत नाही, आणि मग लेखकावर उगाच खापर फुटतं.

आता त्या नाण्याबद्दल. ते ‘ताई-पॅन’ या आधीच्या कादंबरीतून येतं. ती १९६६ ची, ‘नोबल हाउस’ १९८१ ची. ‘ताई-पॅन’ सुरू होते जानेवारी १८४१ मध्ये, इंग्रज हाँगकाँगवर झेंडा लावतात तिथं. पेढीचा मूळपुरुष डर्क स्ट्रुअन पुरता अडचणीत असताना जिन-क्वा हा चिनी व्यापारी त्याला चांदी देतो, आणि बदल्यात चार नाणी मोडून त्यांचे अर्धे तुकडे आपल्याकडे ठेवतो. जो कोणी असा तुकडा आणून जुळवून दाखवील, त्याची एक मागणी त्या वेळच्या ताई-पॅननं पुरी करायची. मागणी कोणतीही असो, माणूस कोणीही असो. म्हणजे चार कोऱ्या हुंड्या, मुदत नाही, रक्कम नाही. मूळपुरुषानं केलेला हा करार १९६३ मध्येही मोडता येत नाही. वहीत या नाण्यांसाठी स्वतंत्र पान हवंच.

आधी कोणती वाचावी? वेळ असेल तर ‘ताई-पॅन’. ती आटोपशीर आहे, आणि नाण्याचं ओझं मनावर घेऊन तुम्ही पुढे जाता. मात्र तिच्यातले मोडक्या इंग्रजीतले संवाद डोळ्यांनी वाचायला जड जातात. ते मोठ्यानं म्हणून बघा, लगेच लागतात. एकच वाचायची असेल तर ‘नोबल हाउस’ घ्या, ती एकटीही उभी राहते.

‘ताई-पॅन’ वाचणाऱ्यानं मात्र एक गोष्ट आधी समजून घ्यावी. या पेढ्यांचं मूळ भांडवल अफूचं आहे, आणि ती अफू हिंदुस्थानातली. बिहार-बनारसकडची कलकत्त्याहून जाई, माळव्यातली मुंबईहून. विल्यम जार्डिन आणि जेम्स मॅथेसन यांनी १८३२ मध्ये कँटनला आपली पेढी काढली. स्ट्रुअन्स पेढी वाचताना तीच डोळ्यांपुढे येते. या जार्डिनचा मुंबईतला जोडीदार म्हणजे जमशेटजी जिजीभाई. दोघांची ओळख १८०५ ची, ‘ब्रन्सविक’ जहाजावरची. ते जहाज फ्रेंचांनी पकडलं, आणि जार्डिन तेव्हा जहाजावरचा डॉक्टर होता. आपण आजही ज्या जे. जे. रुग्णालयाचं नाव घेतो ते याच जमशेटजींचं. चिनी अधिकारी लिन झेशू यानं १८३९ मध्ये वीस हजारांहून जास्त पेट्या अफू जप्त करून नष्ट केली, त्यातून युद्ध पेटलं, आणि २९ ऑगस्ट १८४२ ला नानकिंगच्या तहानं हाँगकाँग इंग्रजांकडे गेलं. तो तह ज्या ‘कॉर्नवॉलिस’ जहाजावर झाला, ते मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानातून बांधलेलं, १८१३ मध्ये पाण्यात उतरवलेलं. माळव्यात बोंडाला चिरा देणारा शेतकरी आणि कँटनमध्ये नळी ओढून खंगलेला माणूस, हे दोघेही कादंबरीच्या कडेलाच राहतात. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांचं एक खातं उघडा. कोण त्यांचं किती लागतो, हे लिहायला लेखक नाही, तुम्ही आहात.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. गॉर्न्ट स्ट्रुअन्सवर मंदी करतो. शेअर जवळ नसताना ते उसने घेऊन विकायचे, भाव पडला की स्वस्तात विकत घेऊन परत करायचे, मधला फरक खिशात. शेअर बाजाराशी संबंध नसलेल्यांना हे ऐकून गोंधळायला होतं. आमच्याकडे हरिपूरच्या पेवांमध्ये हळद जमिनीखाली पडून असायची आणि वर फक्त तिचा कागद या हातातून त्या हातात जायचा. तसंच हे, माल कोणी बघत नाही, सगळा खेळ कागदावर. फक्त मंदीवाल्याला एकच भीती असते: भाव चढला तर नुकसानाला तळ नाही. हे ध्यानात ठेवलंत तर गॉर्न्टच्या प्रत्येक हसण्यामागची धाकधूक ऐकू येईल. त्याचं पान काढा आणि रोज संध्याकाळी बंद भाव लिहीत जा.

त्याच्या जोडीला हो-पाक बँकेवरची झुंबड. हा भाग सावकाश वाचा, एक ओळही सोडू नका. एक कुजबुज, मग दोन-चार म्हाताऱ्या काउंटरपाशी, मग रांग, मग रस्ताभर रांग. प्रत्येक वेळी थांबून तीन गोष्टी टिपा: ठेवीदारांनी किती मागितले, बँकेनं ते कुठं अडकवले आहेत, आणि या क्षणी तिला रोकड देऊ शकणारा कोण आहे. तिसऱ्या उत्तरातला माणूस त्या दिवसाचा खरा मालक. हाँगकाँगमध्ये असं खरोखर घडलं होतं, १९६१ मध्ये लिउ चाँग हिंग बँकेवर आणि १९६५ मध्ये हांग सेंगवर. हांग सेंग वाचली, पण बहुसंख्य हिस्सा हाँगकाँग-शांघाय बँकेकडे गेला. १९६३ चा उन्हाळा मात्र कादंबरीतल्यासारखाच खरोखर कोरडा होता. चार दिवसांतून एकदा चार तास पाणी यायचं. तरत्या हॉटेलाची आग १९७१ ची आणि मिड-लेव्हल्सवर इमारत गाडणारी दरड जून १९७२ ची. कादंबरीत असे प्रसंग वाचताना या खऱ्या घटना मनात येतातच, पण त्या १९६३ नंतरच्या. म्हणून ही कादंबरी त्या शहराचा इतिहास म्हणून वाचू नये. शहराची भीती कशाकशाची होती ते मात्र तिच्यातून नेमकं कळतं.

हेरांचा धागा मला पातळ वाटतो. कोण फितूर हे ओळखण्यात जीव घालवू नका, भरभर वाचून पुढे चला. त्यातला पोलिसांच्या आपसातल्या मैत्रीचा भाग तेवढा थांबून वाचण्यासारखा आहे. बायकांची वर्णनं आणि ‘चिनी माणूस असाच असतो’ छापाची वाक्यं खटकतील, खटकायलाच हवीत. क्लॅव्हेल दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या चांगी छावणीत जपान्यांच्या कैदेत होता. आशियाबद्दल त्याला खरी ओढ आहे, पण नजर शेवटी बाहेरच्याची. अशा पानावर समासात फुली मारावी आणि केसी या बार्टलेटच्या भागीदार बाईचं पान उघडावं. बैठकीत सगळे तिला डावलतात, आणि हिशेब मात्र तीच सर्वांत नीट वाचते. तिच्या डावीकडच्या रकान्यात ‘मान’ असं लिहा आणि तो कोणी चुकता करतो का ते बघत राहा.

दोघं मिळून वाचलीत तर फारच छान. माझा धाकटा भाऊ आणि मी ती तशीच वाचली. स्ट्रुअन्सची पानं त्यानं लिहायची, रॉथवेल-गॉर्न्टची मी, आणि आठवड्याला एकदा वह्या जुळवायच्या. एकाच प्रसंगात कोण कोणाच्या उपकारात आलं यावर आमचं कधीच एकमत झालं नाही. मग दोघंही ते पान पुन्हा उघडायचो. शेवटची ऐंशी-नव्वद पानं मात्र एकाच बैठकीत वाचा, आणि वही लिहायची ती वाचून झाल्यावर. एकेक पान घेऊन फिटलेल्या देण्यावर काट मारत जा. न फिटलेली जी उरतील ती मोजली तर दिसेल, सर्वांत मोठी रक्कम डनरॉसच्याच उजवीकडे आहे.