वणव्याच्या धोक्याची नवी मोजणी शिकवताना या चुका टाळा

अमेरिकेत वणव्याचा धोका मोजण्याची राष्ट्रीय पद्धत, म्हणजे एनएफडीआरएस, १९७२ मध्ये आली. १९७८ मध्ये ती बरीच बदलली, १९८८ मध्ये तिच्यात भर पडली आणि त्यानंतरची मोठी सुधारणा थेट २०१६ च्या आवृत्तीत झाली. एवढ्या काळात वन सेवा, बीएलएम (केंद्राचं जमीन व्यवस्थापन खातं), राष्ट्रीय उद्यान सेवा आणि राज्यांच्या खात्यांत जुने आकडे लोकांच्या तोंडी बसले. ‘ईआरसी (आगीच्या ऊर्जेचा निर्देशांक) ७० च्या वर गेला की आगीची जादा गाडी ठेवायची’ असले ठोकताळे पडून गेले. नव्या पद्धतीचं प्रशिक्षण फसतं ते बहुतेक वेळा इथेच.

जुनी सीमारेषा तशीच पुढे चालवणं

ईआरसी म्हणजे आगीच्या आघाडीवर दर चौरस फुटाला किती ऊर्जा मोकळी होऊ शकेल याचा अंदाज. नव्या पद्धतीतही नाव तेच आहे, पण आतलं गणित बदललं आहे. १९७८ च्या २० इंधन मॉडेलांच्या (तिथे काय जळू शकतं याच्या साच्यांच्या) जागी आता पाचच आहेत: व्ही (गवत), डब्ल्यू (गवत-झुडपं), एक्स (दाट झुडपं), वाय (वृक्षांचं जंगल) आणि झेड (तोडीचा कचरा). मेलेल्या इंधनाचा, म्हणजे सुकलेलं गवत, काटक्या आणि ओंडके यांचा ओलावा आता नेल्सन मॉडेल या गणिती पद्धतीने निघतो. त्यामुळे जुन्या जी मॉडेलचा ७० आणि नव्या वाय मॉडेलचा ७० यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. ‘जुन्यातून दहा वजा करा’ असा रूपांतराचा तक्ता कुणी मागितला तर देऊ नका. तसा तक्ता होऊच शकत नाही, कारण फरक प्रत्येक हवामान केंद्रागणिक आणि ऋतूगणिक वेगळा पडतो.

सीमारेषा नव्याने काढायला दुसरा मार्ग नाही. फायरफॅमिलीप्लस या संगणक प्रणालीच्या पाचव्या आवृत्तीत केंद्राची तासातासाची जुनी नोंद घ्या, शक्यतो दहा वर्षांची किंवा त्याहून जास्त. तिच्याशी त्याच भागातल्या आगींची नोंद जोडा. त्याआधी आगींची यादी नीट गाळा. एकच आग केंद्रीय आणि राज्य अशा दोन्ही खात्यांनी नोंदवलेली असते आणि ती दोनदा मोजली जाते. मग कोणत्या आकड्यानंतर आगीचे दिवस आणि मोठ्या आगीचे दिवस वाढायला लागतात ते पाहा आणि रेषा तिथे आखा.

नुसत्या पर्सेंटाइलवर थांबणं ही या चुकीचीच धाकटी बहीण. पर्सेंटाइल (९० वा म्हणजे शंभरातल्या नव्वद दिवसांहून वरचा आकडा) हवामानाचा दुर्मीळपणा सांगतो, आगीचं काही सांगत नाही. त्यात वर्षभराचे दिवस घेतले तर हिवाळ्याचे ओले दिवस ९० वा पर्सेंटाइल खाली ओढतात. म्हणून कोणते महिने घेतले ते आगीच्या धोक्याच्या कामकाज आराखड्यात लिहून ठेवा. शिवाय वन सेवा परंपरेने ९० आणि ९७ वा पर्सेंटाइल वापरते, तर बीएलएम ८० आणि ९५ वा. संयुक्त वर्गात हे पहिल्याच तासाला फळ्यावर लिहा, नाहीतर एकाच शब्दावर दोन खाती दोन अर्थ घेऊन घरी जातात.

केंद्राची तपासणी न करता वर्ग सुरू करणं

जुन्या पद्धतीत दुपारी एक वाजताची एक नोंद आणि आभाळ कसं आहे याचा माणसाने भरलेला आकडा, एवढ्यावर काम चालायचं. आता तापमान, आर्द्रता, पाऊस आणि सौर प्रारण तासातासाला लागतं. माणसाची अडचण गेली, तिच्या जागी सेन्सरची आली.

सौर प्रारणाच्या सेन्सरवर धूळ किंवा पक्ष्यांची विष्ठा बसली की आकडा कमी येतो. मॉडेलला वाटतं ऊन कमी आहे, म्हणून पाव इंचाहून बारीक काडी-गवताचा ओलावा ते जास्त दाखवतं. प्रसार आणि पेट घेण्याचे निर्देशांक त्यामुळे खाली येतात आणि ऐन कडक उन्हात धोका मध्यम दिसतो. तपासणी सोपी आहे. उन्हाळ्यात निरभ्र दुपारी हा आकडा दर चौरस मीटरला साधारण ९०० ते १००० वॅट हवा, रात्री शून्य. शेजारच्या केंद्राशी ताडून पाहा.

पर्जन्यमापक तुंबला तर उलटं होतं. पाऊस नोंदलाच जात नाही आणि तीन ते आठ इंच जाडीचे ओंडके कागदावर महिनाभर कोरडेच राहतात. ही चूक लवकर धुऊन निघत नाही, कारण जाड लाकडाचा ओलावा सावकाश बदलतो. तापवण्याची सोय नसलेल्या मापकात बर्फ साचला तरी तोच घोळ. वसंतात केंद्र पुन्हा सुरू करताना सुरुवातीचा ओलावा पाहिल्याशिवाय पहिल्या आठवड्यांच्या ईआरसीवर विसंबू नका.

हिरवळीची तारीख शोधत बसणं

पूर्वी गवत हिरवं झालं की अधिकारी तारीख भरायचा. आता जिवंत वनस्पतींचा ओलावा वाढ-हंगाम निर्देशांकावरून निघतो. त्यात किमान तापमान, हवेतली बाष्पाची तूट (हवा किती कोरडी आहे ते) आणि दिवसाची लांबी येते. जुने लोक तारखेचा रकाना शोधतात, नवे लोक मूळ सेटिंगला हात लावत नाहीत. दोन्हींत नुकसान आहे. कॅलिफोर्नियाच्या टेकड्यांवरचं वार्षिक गवत वसंतातच पिवळं पडतं, तर अमेरिकेच्या नैऋत्य भागात पावसाळी वाऱ्यांनंतर उन्हाळ्यात पुन्हा हिरवळ येते. आलेख काढा, त्यावर त्याच आठवड्यांतले प्रत्यक्ष जागेचे फोटो ठेवा आणि निर्देशांक हिरवं म्हणतो तेव्हा डोळ्यांना काय दिसतं ते पाहा. जुळत नसेल तर उंबरठा बदला आणि का बदलला ते लिहा.

फक्त विश्लेषकालाच शिकवणं

एनएफडीआरएसचा एस-४९१ हा अभ्यासक्रम किंवा टूसॉनमधला प्रगत वर्ग करून आलेला एक माणूस म्हणजे खातं तयार झालं असं नव्हे. रात्रीच्या पाळीला डिस्पॅचमध्ये (गाड्या पाठवणाऱ्या कक्षात) बसणाऱ्याला नेल्सन मॉडेल समजावत बसू नका. आज सज्जतेचा कोणता स्तर आहे, त्यावर किती गाड्या सोडायच्या आणि आकडा विचित्र दिसला तर फोन कुणाला करायचा, एवढं त्याला पक्कं हवं.

सगळ्यांत उपयोगी पडतो तो हा सराव. गेल्या काही हंगामांतून चार दिवस निवडा: मोठ्या आगीचा, खूप आगी एकदम लागलेला, कोरडा पण शांत, आणि पावसानंतरचा तिसरा. दोन्ही पद्धतींचे आकडे शेजारी-शेजारी छापा, आगीचा निकाल झाका आणि प्रत्येक गटाला निर्णय लिहायला लावा. मगच निकाल उघडा. वाद होऊ द्या, त्यातूनच जुने ठोकताळे बाहेर पडतात. जमल्यास एक हंगाम दोन्ही पद्धती सोबत चालवा, पण निर्णय कोणत्या आकड्यावर घ्यायचा ते आधीच ठरवा. नाहीतर जो सोयीचा तो वापरला जातो.

लोकांसाठीचा शब्द आणि खात्याचा स्तर एक समजणं

रस्त्याकडेच्या फलकावरचा ‘अति जास्त’ हा लोकांसाठी असतो. सज्जतेचा स्तर खात्यासाठी, आणि त्यात हाताशी असलेली माणसं, शेजारच्या आगी हेही येतं. फलक पाहून गाड्या हलवू नका.

आणि सुधारित आराखड्यावर सगळ्या खात्यांच्या सह्या हंगामाच्या आधी घ्या. त्याच दिवशी गाड्यांच्या डॅशबोर्डवरची जुन्या सीमारेषांची खिशातली कार्डं गोळा करून फाडा. नव्या कार्डावर इंधन मॉडेल, केंद्रांची नावं आणि किती वर्षांची माहिती घेतली ते छापलेलं असू द्या.