फॉसिल बघून खडकांचे थर कसे वेगळे करायचे आणि वय कसं काढायचं (बाघचं उदाहरण घेऊन)

इंदूरला आपल्या पायाखाली सगळा काळा बेसाल्ट, लाव्हाचा खडक, त्यात फॉसिल, म्हणजे जीवाश्म, कुठून मिळणार, म्हणून शिकायचंच असेल तर धारच्या पुढे बाघ गावाकडे जायचं. आधीच सांगते, तिथे डायनासोर नॅशनल पार्कच्या हद्दीत हातोडा चालवायचा नाही की काही उचलायचं नाही, फोटो आणि वही पुरे.

पहिलं काम फॉसिल शोधणं नाहीच, थर मोजणं आहे. नाल्याचा काठ कापला गेलाय अशी जागा बघा, खालून वर थरांना नंबर द्या, टेपने जाडी मोजा, रंग आणि कण लिहा. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. मग खडकात रुतलेलं फॉसिलच त्या नंबरासमोर नोंदवा. उतारावर सुटं पडलेलं कितीही देखणं असलं तरी वयासाठी उपयोगाचं नाही, वरच्या कुठल्या थरातून घरंगळत आलंय ते कसं कळणार? आणि रुतलेलं असलं तरी कडा झिजलेल्या, आत भरलेला दगड आजूबाजूच्यापेक्षा वेगळा, असं दिसलं तर ते जुन्या थरातून वाहून येऊन पुन्हा गाडलं गेलेलं असू शकतं, त्याच्यासमोर प्रश्नचिन्ह टाका.

आता कोणतं फॉसिल धरायचं. थोडाच काळ जगलेलं, दूरवर पसरलेलं, भरपूर सापडणारं आणि पटकन ओळखू येणारं. अमोनाइट, म्हणजे समुद्रातले नामशेष झालेले, गुंडाळलेल्या कवचाचे प्राणी, यात एकदम बसतात. बाघच्या नोड्यूलर लाइमस्टोनमध्ये, म्हणजे गाठीगाठींच्या चुनखडकात, प्लॅसेन्टिसेरास नावाचा अमोनाइट सापडतो, चपटा, कडेला निमुळता, आणि वरचं कवच निघालेलं असेल तर आतल्या कप्प्यांच्या नागमोडी रेषा दिसतात, त्या रेषांवरूनच ओळख पक्की करतात. ऑयस्टर मात्र जपून वापरा, उथळ पाणी परत आलं की तसलेच शिंपले परत येतात, ते जागा कशी होती ते सांगतात, काळ कमी सांगतात.

मग घरी येऊन तक्ता. उभ्या बाजूला थर, आडव्या बाजूला फॉसिलची नावं, आणि जिथे पहिल्यांदा दिसलं तिथपासून शेवटच्या थरापर्यंत उभी रेघ. एकाच्या भरवशावर राहू नका, चार-पाच रेघा एकत्र जिथे येतात तो तुमचा झोन, म्हणजे एका काळाचा पट्टा, आणि नवीन काही सुरू होतं तिथे सीमा. इंग्लंडमध्ये कालव्यांची मोजणी करणाऱ्या विल्यम स्मिथनं थरांतली फॉसिल ठरावीक क्रमानेच येतात हे ओळखलं आणि 1815 मध्ये अख्ख्या देशाचा नकाशा काढला, आपणही तेच करतोय. दुसऱ्या नाल्यातले थर जुळवतानाही दगडाचा रंग नाही, फॉसिलचा क्रम जुळवा.

बाघला खालून वर निमाड सँडस्टोन (वालुकाश्म), नोड्यूलर लाइमस्टोन, कोरलाइन लाइमस्टोन (हाही चुनखडक), मग लमेटा नावाचे थर आणि डोक्यावर डेक्कन ट्रॅप, म्हणजे तोच लाव्हाचा काळा बेसाल्ट. खालचे चुनखडक समुद्राचे, साधारण 9 कोटी वर्षांपूर्वीचे, आणि त्यांच्या लगेच वर लमेटात डायनासोरची अंडी, म्हणजे जमीन, तीही क्रिटेशियसच्या, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या कालखंडाच्या, अगदी शेवटची. डोळ्यांना दोन्ही थर एकमेकांना चिकटलेले दिसतात, पण मधली एक कोटीहून जास्त वर्षं तिथे नाहीतच, आणि हे फॉसिलशिवाय कळलंच नसतं! अशी जागा तक्त्यात वाकडीतिकडी रेघ मारून दाखवायची.

फॉसिल फक्त आधी-नंतर सांगतात. वर्षांचा आकडा लाव्हा किंवा राखेच्या रेडिओमेट्रिक डेटिंगवरून, म्हणजे खडकातल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या क्षयावरून, येतो, वरचा ट्रॅप साधारण 6.6 कोटी वर्षांचा, म्हणजे त्याच्याखालचं लमेटा त्याहून जुनं.