हलक्या काँक्रीटसाठी गिट्टी किती मोठी घ्यावी?

जुन्या स्लॅबवर उतार काढायचा असो की आडभिंतीचे ठोकळे पाडायचे असोत, वजन कमी ठेवायला आपल्याकडे विटभट्टीवरचे तुकडे किंवा कोळशाचं सिंडर (जळून उरलेले सच्छिद्र खडे) वापरतात. पण गिट्टी निवडताना हिशोब मात्र काळ्या दगडाचाच लावला जातो, आणि तिथंच काम बिघडतं.

काळी गिट्टी सिमेंट-रेतीच्या मसाल्यापेक्षा टणक असते, म्हणून भेग बहुधा तिला वळसा घालून जाते. हलकी गिट्टी पोकळ असते, त्यामुळे भेग थेट तिच्यातूनच आरपार जाते. सिंडरचा मोठा तुकडा फोडला की तो सगळ्यात मोठ्या पोकळीपाशी तुटतो. म्हणून बारीक तुकडे जास्त घट्ट निघतात, पण तेवढेच जडही होतात. ताकद आणि वजन यांचा मेळ आपल्याच मालावर तपासून घातलेला बरा.

विटा पक्क्या भाजलेल्या घ्या, जुना चुना-प्लास्टर खरवडून काढा. फोडलेला माल चाळून दोन ढीग करा : एक 20 मिमीतून पडून 10 वर अडकलेला, दुसरा 10 मधून पडून 4.75 वर अडकलेला. दोन्ही एक दिवस पाण्यात भिजवा. कोरडी वीट मसाल्यातलं पाणी ओढून घेते; चांगली वीटसुद्धा वजनाच्या पंधरा-वीस टक्के पाणी पिऊ शकते. मग बारदान्यावर पसरून वरची चकाकी जाऊ द्या.

माप वजनाने नको, डब्याने घ्या. 1 सिमेंट, 2 रेती, 4 गिट्टी. दोन्ही ढिगांना पाणी अगदी सारखंच. बारीक गिट्टीचा माल घट्ट वाटतो आणि मिस्त्री सवयीने पाणी वाढवतो. तसं झालं की गिट्टीच्या आकाराची परीक्षा होतच नाही.

प्रत्येक ढिगाचे 150 मिमी बाजूचे तीन क्यूब, म्हणजे चाचणीचे ठोकळे, साच्यात भरा. तीन थर, दर थराला 16 मिमीच्या सळईने 35 ठोके. जास्त हलवलं तर हलके तुकडे वर तरंगतात, मोठे तर लवकरच. दुसऱ्या दिवशी साचा उघडून क्यूब 28 दिवस पाण्यात बुडवून ठेवा. विदर्भातल्या उन्हाळ्यात टाकं सावलीत हवं.

बाहेर काढल्यावर आधी वजन करा : साध्या काँक्रीटचा क्यूब साधारण 8 किलो भरतो. मग जवळच्या पॉलिटेक्निकमधल्या यंत्रात फुटेपर्यंत दाबून घ्या. फुटतानाचा भार भागिले क्यूबच्या एका बाजूचं क्षेत्रफळ (150 × 150 मिमी) म्हणजे ताकद : 225 किलोन्यूटनला फुटला तर 10 न्यूटन प्रति चौरस मिमी.

फुटलेला भाग हातात घेऊन नीट बघा. लाल तुकडे मधून चिरले असतील तर गिट्टीच कमजोर आहे, बारीक माल कामी येईल. तुकडे अख्खे निखळून मागे खळगे राहिले असतील तर दोष मसाल्याचा किंवा गिट्टीवरच्या धुळीचा. आकार बदलून उपयोग नाही.

उताराच्या भरावाला ताकद फारशी लागत नाही, तिथं मोठा माल चालेल. ठोकळ्यांना बारीक घ्या. कॉलम, बीम, स्लॅबला यातलं काहीही इंजिनिअरच्या हिशोबाशिवाय वापरू नका.